लेटिशियाचं शेवाळ

इंग्लंडातल्या मॉल्व्हर्नच्या जलोपचारगृहात पाद्री अँब्रोज थर्लबींना रोज सकाळी थंड, ओल्या चादरीत गुंडाळून निजवत. वरून घोंगड्या. आधी दात वाजत, मग हळूहळू ऊब धरे आणि त्या उबेत खोलीच्या भिंती विरघळून जात. थर्लबी कुठल्याशा हिरव्या डोहाच्या तळाशी पडून राहत आणि वरून संथपणे पत्रं तरंगत जात. सगळी जोसाया ट्रेगिअरची.

"पाद्रीबुवा, झोपेत हसताय," चादर सोडवताना तिथला सेवक डॉब्स म्हणे. "पोट बरं झालेलं दिसतंय. डॉक्टरांना सांगू नका, घरी धाडतील."

कॉर्नवॉलचा ट्रेगिअर आणि यॉर्कशरचे थर्लबी, दोघांची दोस्ती टपालावर पोसलेली. तीस वर्षांत भेटी दोनच, आणि दुसऱ्या भेटीत तर दोघं लाजून नुसते हवापाण्याबद्दल बोलले होते. पत्रात मात्र आडपडदा नसे. रीत ठरलेली: आधी आपलं दुखणं, मग शेवाळ. थर्लबींचं पोट, ट्रेगिअरचं दुबळं काळीज, काय पचलं, काय पचलं नाही, जे बायकांनाही सांगायची लाज वाटे ते सगळं सविस्तर. आणि पान उलटलं की शेवाळांच्या जातींवरून असे हमरीतुमरीवर येत की वाचणाऱ्याला वाटावं, यांची सात जन्मांची दुश्मनी आहे.

या खेपेला ट्रेगिअरच्या शेवाळांवरच्या जन्मभराच्या ग्रंथाची प्रुफं आली होती. सोबत एका पुडीत वाळलेलं शेवाळ. त्याच्या एकुलत्या एका लेकीनं, लेटिशियानं, तापात जाण्याआधीच्या उन्हाळ्यात ते धबधब्याखाली शोधलं होतं. ही नवीच जात, असं म्हणून बापानं तिला लेकीचं नाव दिलं होतं. थर्लबींनी बशीतल्या पाण्यात एक काडी सोडली. कोळशासारखी झालेली पानं एकेक करून उलगडली, हिरवी झाली. त्यांना भरून आलं.

उपचाराचा भाग म्हणून रोग्यांनी टेकडीवर जाऊन झऱ्याचं पाणी प्यायचं असे. दुसऱ्या दिवशी धुक्यात पेला तोंडाला लावताना थर्लबींची नजर झऱ्याच्या दगडावर गेली आणि त्यांनी पेला खाली ठेवला. दगडाच्या कोरड्या टोकाला कुठल्याही भिंतीवर दिसणारं साधं शेवाळ होतं. धारेकडे यावं तसतसं तेच शेवाळ लांब आणि सडपातळ होत गेलं होतं, आणि ऐन धारेखाली हुबेहूब लेटिशियाचं. मधे कुठे खंड नाही. खोलीवर आणून भिंगाखाली धरलं, तरी तेच. नवी जात वगैरे काही नव्हती, सतत पाण्याखाली राहून साध्या शेवाळाचं रूप पालटलं होतं.

सांगावं, तर ट्रेगिअरचं काळीज आधीच तोळामासा, त्यात पोर दुसऱ्यांदा हिरावून घ्यायची. न सांगावं, तर लंडनचे विद्वान टपून बसलेलेच. ते चारचौघांत ते नाव खोडतील आणि वर हसतील. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेवटी थर्लबींनी सरळ भ्याडपणा केला. चांगलं लांबलचक पत्र लिहिलं आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत फक्त पोटाबद्दल लिहिलं.

त्याच आठवड्यात उत्तर आलं.

"प्रिय थर्लबी, काळीज बरं आहे. धडधडलं ते तुझं पत्र वाचून. इतक्या वर्षांत शेवाळाच्या बाबतीत तू मला कधी सोडलं नाहीस आणि या वेळी नुसतं पोट लिहिलंस, तेव्हाच मी समजलो. खरं सांगू? मला हिवाळ्यापासूनच शंका होती. धबधब्यापाशी गेलो, दगडाकडे नीट बघायचं टाळलं आणि घरी परत आलो. प्रुफं तुला पाठवली, कारण तिचं नाव माझ्या हातानं खोडवत नाही. आणि दुसऱ्या कुणाला मी ते खोडू देणार नाही. तू खोड."

डॉब्स चादर घेऊन आला, त्याला थर्लबींनी परत पाठवलं. धुकं खिडकीतून आत येऊन टेबलापाशी थांबल्यासारखं वाटत होतं. त्यांनी प्रुफांतलं ते पान काढलं. गावातल्या कितीतरी लेकरांना त्यांनी स्वतः माती दिली होती आणि डोळ्यांत कधी पाणी येऊ दिलं नव्हतं. त्यांनी ते नाव आधी मोठ्यानं वाचलं, अंगणातल्या मुलीला हाक मारावी तसं. मग एकच सरळ रेघ ओढली आणि पोटभर रडले.

संध्याकाळी त्यांनी पत्र लिहिलं, आजवरचं सगळ्यात लहान.

"प्रिय ट्रेगिअर, खोडलं. शनिवारच्या गाडीनं तुझ्याकडे येतोय. तिच्याबद्दल तू कधी काही लिहिलं नाहीस. आता सगळं सांग, मी ऐकतो."