नंबर वाटायचं काम

अहो, इकडे वर बघा. टीव्हीच्या कपाटावर दोन कान टवकारून बसलाय ना, तोच मी. मी या घरातला राउटर बोलतोय.

कारखान्यातून निघालो तेव्हा एक काम मला तोंडपाठ होतं. घरात नवं यंत्र आलं, की आपण होऊन त्याला आकड्यांचा एक पत्ता द्यायचा, म्हणजे त्याचं इंटरनेट त्याच्याच दारात पोचतं. एकच पत्ता दोघांना मात्र चुकूनही द्यायचा नाही.

पण पडलो बाबांच्या हाती! त्यांची उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं पत्ते वाटणं बंद केलं. नंबर कसा माणसानं द्यावा, म्हणाले. चष्मा कपाळावर चढवून एकेका यंत्रात स्वतः आकडे भरत बसले. मी आपला हातावर हात ठेवून बसलो. राग यायचा, खोटं कशाला बोलू?

मग सुनेचा नवा लॅपटॉप आला. लेकीच्या आजारपणात सुनेची नोकरी सुटली होती. लेक बरी झाली, पण नोकरी काही परत मिळेना. कितीतरी नकार पचवल्यावर एका कंपनीने मुलाखत ठरवली, तीही घरबसल्या, लॅपटॉपवर. बाबांनी कौतुकाने त्या लॅपटॉपला प्रिंटरचा नंबर देऊन टाकला. प्रिंटर कधीचा न वापरता नुसता पडून होता, त्याला काय करायचाय पत्ता?

मुलाखत छान रंगली होती. इकडे सासूबाईंना वाटलं, आपलाही हातभार लागावा. काही छापायला लागलं तर अडायला नको, म्हणून त्यांनी प्रिंटर पुसला आणि चालू केला. झालं! एका पत्त्याचे दोन धनी. मुलाखत घेणाऱ्या समोरच्या बाई बोलता बोलता पडद्यावर थिजल्या, मग दिसेनाशाच झाल्या. हा पत्ता आधीच वापरात आहे, असं लॅपटॉपने सांगितलं. सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. माझा जीव नुसता तुटत होता.

बाबांनी ते वाचलं आणि ओशाळले. घाईघाईने दुसरा नंबर द्यायला गेले, तर कुठला मोकळा आहे तेच आठवेना. सुनेला रडू फुटायच्या बेतात होतं, पण तिने त्यांना एका शब्दाने दुखावलं नाही.

"बाबा, नंबर वाटायचं काम याच्यावरच सोडूया का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "सोडूया. आमचं एक्स्चेंजसुद्धा आपोआप चालायला लागलं, तेव्हाही मी असाच अडून बसलो होतो."

त्यांनी आपल्या कॉम्प्युटरवरून माझं काम स्वतःच्या हाताने चालू केलं. सुनेने लॅपटॉपला सांगितलं, पत्ता आता राउटरकडून घे. त्याने मागायचा अवकाश, मी दिला. समोरच्या बाई पुन्हा दिसल्या, आणि राहिलेली मुलाखत पुढे सुरू झाली.

नोकरी मिळाली हो! परवा ऑफिसने सुनेला दिलेला नवा मोबाइल घरी आला. बाबा सवयीने चष्मा कपाळावर चढवून उठायला लागले, तोवर मी पत्ता देऊन तो जोडलासुद्धा होता. ते परत खुर्चीत टेकले. "शाबास रे," असं मलाच म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

आता मी जुना झालोय, एक दिवा लागतही नाही. माझ्या डोक्यावर फुलदाणी तेवढी ठेवू नका, जीव गुदमरतो. बाकी घरात कोण नवं येतंय ते खुशाल येऊ द्या. माझ्याकडे जागा आहे.