उभ्या गाडीचा लॉग

सोमवार, ७:१२. वेग १८. आत जाणारी हवा ३९ अंश.

ही पहिली ओळ. गाडीच्या स्टिअरिंगखाली, गुडघ्याला लागेल अशा जागी नीरवने काडेपेटीएवढा एक लॉगर खोचून ठेवला होता. इंजिन सुरू झालं की तो जागा व्हायचा आणि दर सेकंदाला लिहायचा: वेळ, वेग, इंजिन ओढतंय त्या हवेचं तापमान. इंजिन बंद केलं की झोपायचा. आठवडाभर त्याला लिहू द्यायचं आणि शनिवारी नीरव ते सगळं लॅपटॉपवर उतरवून घेणार, असं ठरलं होतं.

"जस्ट ड्राइव्ह नॉर्मली, बाबा," तो म्हणाला होता. "ऑफिस, होम, ऑफिस. मला तुझा रोजचा पॅटर्न हवाय."

धनंजयने मान डोलावली होती. त्याला ऑफिस नव्हतं. सहा मेपासून नव्हतं, आणि आखातातल्या अल कुसैसच्या त्या दोन बेडरूमच्या घरात हे त्याच्याशिवाय कुणालाही माहीत नव्हतं.

सोमवार, ८:०४. वेग ०. आत जाणारी हवा ५१ अंश.

जेबेल अलीत, बंद पडलेल्या एका फर्निचर शोरूमच्या मागे वाळूचं मोकळं मैदान होतं. तिथे तो रोज गाडी लावायचा. इतक्या लांब यायचं कारण साधं होतं. टोलचं, म्हणजे सालिकचं ॲप त्याच्या बायकोच्या, स्मिताच्या मोबाइलवर होतं. तिने ते कधी उघडून पाहिलं नसतं, पण पाहिलंच तर त्यात रोजची फाटकं दिसायला हवी होती. सुरुवातीला तो मॉलमध्ये बसायचा. मराठी मंडळाच्या गणपतीत ओळख झालेला एक जण तिथे एका आठवड्यात दोनदा भेटला आणि दुसऱ्यांदा म्हणाला की तुमच्या कंपनीत बऱ्याच सुट्ट्या दिसतात. त्यानंतर मॉल संपला. गाडीत इंजिन चालू ठेवून, एसी लावून, आठ ते पाच बसणं हेच ऑफिस झालं. तो डबाही एक वाजताच उघडायचा.

आणि आता इंजिन चालू ठेवलं तर लॉगर लिहिणार. वेग शून्य, वेग शून्य, नऊ तास, सेकंदासेकंदाला. नीरवसारख्या पोराला ते वाचायला अर्धं मिनिट पुरलं असतं.

८:०५. त्याने किल्ली फिरवली.

(इंजिन बंद. नोंद नाही.)

नोंद नाही त्या वेळात हे झालं.

गाडीतला गारवा दहा मिनिटांत गेला. त्याने चारही दारं उघडली. ऑगस्टची हवा एका दाराने आत आली आणि दुसऱ्याने बाहेर जायचं विसरली. शोरूमच्या भिंतीला हातभर सावली होती, तिच्यात तो उभा राहिला. सूर्य वर चढला तशी सावली वीतभर झाली. मग तो पाय जुळवून उभा राहिला.

आजूबाजूच्या गोदामांसमोर गाड्या धुणारा वासिफ बादली घेऊन आला. मुलतानचा माणूस, तीन महिन्यांत त्याने एकदाही काही विचारलं नव्हतं.

"साब, आज इंजन बंद? खराब हो गया?"

धनंजयने सांगितलं की मुलगा गाडीवर काहीतरी टेस्ट करतोय. वासिफने पुठ्ठ्याचं एक खोकं आणून भिंतीशी उलटं ठेवलं आणि जाताना थंड पाण्याची बाटली त्याच्यावर ठेवून गेला. धनंजय तिथे बसला. गाडीकडे बघत बसला.

काळी, आठ सिलिंडरची अमेरिकन मसल कार. जन्मभर छोट्या जपानी गाड्या चालवलेल्या माणसाने मॅनेजर झाल्यावर सेकंडहँड घेतलेली. नीरव तेव्हा सोळाचा होता. गेल्या ईदच्या सुट्टीत दोघांनी बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये तिला कोल्ड एअर इंटेक बसवला: कंपनीचा हवेचा डबा काढला आणि त्या जागी जाड नळी आणि उघडा गोल फिल्टर लावला. बाराशे दिरहम, म्हणजे अठ्ठावीस हजार रुपये फुंकर मारायला, असं स्मिता म्हणाली होती. पण सुरू झाल्यावर गाडीने जो श्वास घेतला तो ऐकून तीही हसली होती. त्या दिवशी नीरवच्या कपाळाला ग्रीस लागलं होतं आणि त्याने ते रात्रीपर्यंत पुसलं नव्हतं.

गंमत अशी की हा इंटेक पळत्या गाडीसाठी असतो. गाडी पळते तेव्हा तो बाहेरची ताजी हवा ओढतो. उभी असली की स्वतःच्याच इंजिनाची तापलेली हवा पुन्हा पुन्हा ओढत राहतो. मग गाडी स्वतःच ताकद कमी करते, आणि रोज असंच होत राहिलं की तीच सवय लावून घेते. नीरवची तक्रार नेमकी हीच होती. गाडी शनिवारी त्याच्या हातात आली की मेल्यासारखी वाटते, इंजिन आतून शेकून निघालेलं असतं, हे असं का होतंय?

का होतंय ते धनंजयला ठाऊक होतं.

मंगळवार, ७:१२. वेग २०. आत जाणारी हवा ४० अंश.
मंगळवार, ८:०३. वेग ०.

(इंजिन बंद. नोंद नाही.)

कंपनीच्या एचआरमधल्या एमानने त्याच्यासाठी एक गोष्ट केली होती. सतरा वर्षांची मुरवत म्हणून व्हिसा रद्द करण्याचे कागद तिने सप्टेंबरपर्यंत थांबवून ठेवले होते. सोमवारी एकतीस दिवस उरले होते, आज तीस. त्याचा व्हिसा गेला की स्मिताचा जाणार, नीरवचा जाणार. नीरव याच शहरात जन्मला होता आणि इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. धनंजयने पन्नासएक अर्ज केले होते. दोन ठिकाणांहून उत्तर आलं होतं. त्यातल्या एकाने त्याचं वय विचारलं होतं.

सांगायला पाहिजे हे त्याला मेपासून कळत होतं. रोज संध्याकाळी लिफ्टमध्ये तो वाक्य तयार करायचा. चौथा मजला येईपर्यंत ते तोंडात असायचं. दार उघडलं की स्मिता म्हणायची, दमलास? आणि वाक्य जायचं. दमलेल्या माणसाला ती जे ताट वाढायची त्यावर आता त्याचा हक्क नाही असं त्याला वाटायचं, तरी तो जेवायचा.

बुधवार, ८:०६. वेग ०.

(इंजिन बंद. नोंद नाही.)

दुपारी दीडला त्याला एका भिंतीच्या दोन दिसायला लागल्या. वासिफने त्याला उचलून बसवलं, डोक्यावर गाडी धुवायचं पाणी ओतलं आणि अगदी हळू म्हणाला, "साब, टेस्ट बंद करो. मर जाओगे."

घरी गेल्यावर स्मिताने चेहरा पाहिला. ऑफिसचा एसी बिघडलाय, असं त्याने सांगितलं. तिला राग आला. सतरा वर्षं राबवून घेतात आणि साधा एसी दुरुस्त करत नाहीत, मीच फोन करते त्या एमानला, म्हणाली. त्याने नको म्हटलं. नीरव सोफ्यावर आडवा पडून मोबाइल बघत होता. मान वर न करता त्याने विचारलं, लॉग नीट चाललाय ना.

लिफ्टमधलं वाक्य तोंडात होतं. धनंजय म्हणाला, "चाललाय."

गुरुवार, ८:०५. वेग ०. आत जाणारी हवा ५२ अंश.
गुरुवार, ८:०६. वेग ०. ५३.
गुरुवार, ८:३०. वेग ०. ५९.

त्याने इंजिन बंद केलं नाही.

आधी वाटलं, पाचच मिनिटं. मग त्याची नजर खाली, लॉगरच्या हिरव्या दिव्याकडे गेली. दिवा लुकलुकत होता. लिहीत होता. धनंजयने किल्लीवर ठेवलेला हात उचलून मांडीवर घेतला.

याला लिहू दे.

जे चार मजल्यांत बोलता येत नाही ते हा बोलेल. नीरव वाचेल. नीरव खोलीतून बाहेर येईल आणि विचारेल, बाबा, हे काय? मग फक्त हो म्हणायचं. हो तेवढं जमेल. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्याचे खांदे सैल झाले. फोटो काढून घेताना बसतात तसा तो सीटवर ताठ बसला.

गुरुवार, ११:००. वेग ०. ६४.
गुरुवार, १३:००. वेग ०. ६८.
गुरुवार, १५:००. वेग ०. ६८.
शुक्रवार, ९:००. वेग ०. ६१.
शुक्रवार, १२:००. वेग ०. ६७.
शुक्रवार, १६:००. वेग ०. ६९.

शनिवार. नोंद जेवणाच्या टेबलावर.

नीरवने लॉगर लॅपटॉपला जोडला. धनंजय स्वयंपाकघराच्या दाराशी पाण्याचा ग्लास घेऊन उभा राहिला. पडद्यावर आठवड्याच्या वेगाचा आलेख उभा राहिला. सोमवार, मंगळवार, बुधवार: सकाळी एक डोंगर, संध्याकाळी एक डोंगर, मध्ये काही नाही. गुरुवारी डोंगर संपल्यावर एक रेघ सुरू झाली. तळाला चिकटून, सरळ. नीरवने पडदा सरकवला. रेघ होती. अजून सरकवला. रेघ होती.

त्याचं बोट थांबलं.

आतून स्मिताने विचारलं, पोहे खाणार का दोघं. नीरवची पाठ दाराकडे होती. धनंजय 'हो' जिभेवर घेऊन उभा होता.

नीरवने लॅपटॉप मिटला.

"हीट सोक आहे, इंजिनाची उष्णता इंटेकमध्ये मुरतेय," तो म्हणाला. "आय कॅन फिक्स इट."

तो बेसमेंटमध्ये गेला. धनंजय मागोमाग गेला. नीरवने इंटेकच्या नळीला चंदेरी पट्टी गुंडाळली. फिल्टरभोवती पत्र्याची आडभिंत बसवली. मग लॅपटॉप गाडीला जोडून नवी सेटिंग भरली. वडिलांकडे न बघता तो प्रत्येक गोष्ट सांगत होता, डॉक्टर औषधं सांगतात तशी. फॅन आता लवकर सुरू होईल. गाडी उभी असताना इंजिन थोडं जास्त फिरेल, म्हणजे एसी कमी पडणार नाही.

"आता उभी असली ना बाबा, तरी आत गार राहील. कितीही वेळ."

धनंजयने विचारलं, "नीरव, तू पाहिलंस ना सगळं?"

नीरव बॉनेटखाली वाकला होता. पट्टीचं टोक अंगठ्याने दाबत राहिला. चिकटलेलं होतं तरी दाबत राहिला.

"इट्स ओके, बाबा," तो म्हणाला. "आईला नको सांगू. मी पण नाही सांगणार."

त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी शाळेत मार्क कमी पडले की व्हायचे तसे. धनंजयला कळलं की हा आता लिफ्टमध्ये आपल्या शेजारी उभा राहणार, तेच वाक्य तोंडात धरून. मेपासून एक जण होता, आता दोघं झाले. 'हो' जिभेवर तसाच होता. तो म्हणाला, "पोहे गार होतील."

सोमवार, ७:१२.

वाळूच्या मैदानात वासिफने बादली खाली ठेवून कान दिला. गाडीचा आवाज बदललाय, म्हणाला. मुलाने केलं, असं धनंजयने सांगितलं. वासिफने मुलाला दुआ दिली आणि पुठ्ठ्याचं खोकं उचलून नेलं, आता लागणार नाही म्हणून.

एसी पहिल्यापेक्षा गार होता. दहा वाजता गार होता, बारा वाजताही. धनंजयने एक वाजता डबा उघडला. चोवीस दिवस उरले होते. मधूनच त्याचा हात सवयीने स्टिअरिंगखाली गेला. नीरवने लॉगर काढून घेतला होता. तिथे नुसतं भोक होतं.

वेग किती, हवा किती, आता कुणी लिहीत नव्हतं.