नव्या टायरांवर उतरलेला घाट

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. लांबच्या प्रवासासाठी बनवलेली, अंगाने थोराड, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या आणि मागे बसणाऱ्याला टेकायला छोटी पाठ असलेली. माझं वय अठरा. या वयात माणसं गाडी चालवायला शिकतात आणि आम्हा गाड्यांना भंगारात काढायची बोलणी सुरू होतात. तुम्हाला वाटेल, आता ही म्हातारी कुरकुर करणार. कुरकुर मी करणारच आहे. पण आधी एका वळणाबद्दल सांगते, कारण ते आठवलं की अजूनही माझा थरकाप होतो.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. कुणी माझी चौकट जोडली, कुणी इंजिन बसवलं, कुणी दिवे. शेवटी एका चष्मेवाल्या तपासनिसाने मला जागच्या जागी फिरणाऱ्या रुळांवर पळवून पाहिलं, मान डोलावली आणि माझ्या कागदावर सही केली. ती सही म्हणजे माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी.

मला घरी आणलं ते बाबांनी. बाबा पूल तपासायचे. गावोगावच्या पुलांखाली उतरायचे, छोट्या हातोडीने खांब ठोकायचे आणि कान लावून आवाज ऐकायचे. कुठला खांब आतून पोकळ झालाय ते त्यांना नुसत्या आवाजावरून कळे. त्यांच्यासोबत मी हजारो किलोमीटर पळाले. पेट्रोल पंपावर लोक माझ्याभोवती जमत, विचारत, ‘केवढ्याला पडली हो?’ बाबा हातरुमालाने माझा आरसा पुसत. मला तेव्हा आभाळ ठेंगणं वाटायचं.

पण मित्रांनो, पुलांकडे जाणारे ते रस्ते होते सरळसोट. तासन्‌तास सरळ पळून माझा मागचा टायर मधोमध झिजला आणि सपाट झाला. टायर गोल असला की गाडी वळणावर सहज झुकते. सपाट झाला की ती झुकायला कां-कूं करते. माझं तसंच झालं. उजवीकडे वळायचं तर चालवणारा उजवी मूठ किंचित पुढे दाबतो, मग मी उजवीकडे झुकते आणि वळते. पण माझ्या त्या अवस्थेत एका दाबाने भागेना. बाबांनी माझा टायर बदलला नाही, स्वतःचा हात बदलला. ते दोनदा दाबू लागले. पहिला दाब मला जागं करायला, दुसरा वळवायला. आणि पुढे हा त्यांनी नियमच करून टाकला.

हाच नियम त्यांनी आपल्या मुलीला शिकवला. तिला घरात सगळे धाकटी म्हणतात. आता ती एकतीस वर्षांची आहे, चष्म्याच्या दुकानात काम करते, आणि डोळ्यांनी दिसणार नाहीत एवढे बारीक स्क्रू न थरथरता बसवते. तरी ती धाकटीच. ती मला चालवायला शिकली तेव्हा बाबा मागे बसत आणि वळण आलं की तिच्या खांद्यावर दोन टिचक्या मारत. ‘दाब, दाब!’ उजव्या खांद्यावर टिचक्या तर उजवीकडे, डाव्या खांद्यावर तर डावीकडे. बाबांचा शब्द तिने कधी खाली पडू दिला नाही. टिचकी पडली की हात आपोआप दाबायचा, मध्ये विचार म्हणून नाहीच.

मग बाबांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. गाडी चालवणं बंद. मी दोन वर्षं इमारतीखाली धूळ खात उभी राहिले. माझ्या अंगावरचं आच्छादन फाटलं, टायरांना भेगा पडल्या, आणि समोरच्या घरातल्यांनी माझ्या हँडलवर पायपुसणी वाळत घातली. पायपुसणी! जिने अर्धा देश पालथा घातला तिच्या हँडलवर! मी काय बोलणार?

शेवटी हालचाल झाली ती आत्यामुळे. बाबांची ही थोरली बहीण घाटापलीकडे राहते. तिने फोनवर सुनावलं, “गुडघ्याचं कौतुक पुरे झालं आता. येतोस की मी येऊ?” धाकटीने मला बाहेर काढलं, धुतलं, आणि दोघं मला टायरच्या दुकानात घेऊन गेली.

ते दुकान एका पन्नाशीच्या बाईंचं. सगळे त्यांना टायरवाल्या मावशी म्हणतात. मावशींनी खाली वाकून माझ्या मागच्या टायरवरून तळवा फिरवला आणि कपाळाला हात लावला.

“हा टायर आहे की ठोकळा? दोन्ही बदला.”

“पुढचा बरा आहे की,” बाबा म्हणाले.

“मागचा नवा आणि पुढचा जुना ठेवलात तर दोघांचं एकमेकांशी पटायचं नाही. दोन्ही बदला.”

नवे टायर चढले. मावशींनी दोन माणसांचं आणि भरलेल्या पेट्यांचं वजन धरून हवा भरली. मग एक गंमत केली. खडू घेतला आणि दोन्ही टायरांवर आडव्या रेघा ओढल्या, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

“नवा टायर वरून गुळगुळीत असतो,” त्या धाकटीला म्हणाल्या. “रस्त्यावर घासून ती चकाकी गेली की मगच तो नीट धरतो. ही रेघ जिथवर पुसली जाईल तिथवर टायर तयार. जिथे खडू दिसतोय तिथे अजून भरवसा नाही. आणि ऐक, गाडी आता हलक्या हाताने वळेल. जुन्या सवयीने ढकलू नकोस.”

बाबांना हे लागलं. “बाई, अठरा वर्षं चालवलीय मी ही गाडी.”

“गाडी अठरा वर्षांची आहे हो,” मावशी म्हणाल्या, “टायर आजचे आहेत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. हवा गार होती, आभाळ भरलेलं. पहिले ऐंशी किलोमीटर सरळ रस्ता. काय सांगू मित्रांनो, किती वर्षांनी मी अशी न थरथरता पळत होते! पूर्वी रस्त्यावर लांब चर आला की मला हिसके बसायचे. आता काही नाही. बाबा मागून खूश होऊन म्हणाले, “बघ, कशी पळतेय!” मीही हुरळले.

घाटाच्या पायथ्याशी धाकटी थांबली आणि वाकून टायर बघू लागली. रेघा मधोमध पार पुसल्या गेल्या होत्या. दोन्ही कडांना मात्र खडू तसाच पांढराशुभ्र.

“बाबा, कडा अजून कोऱ्या आहेत. सरळ रस्त्यावर कडा घासल्याच नाहीत.”

“खडू बघून कुणी गाडी चालवतं का? बस, उशीर होतोय.”

ती बसली. मला मात्र धडकी भरली. घाटात झुकायचं ते कडांवर, आणि माझ्या कडा अजून कोऱ्या होत्या.

चढणीला पहिलं वळण आलं. खांद्यावर दोन टिचक्या. धाकटीने दोनदा दाबलं. पहिल्या दाबालाच मी वळले होते, दुसऱ्याने मी धपकन आत कोसळले. वेग कमी होता म्हणून तिने सावरलं. पुढच्या वळणावर पुन्हा तसंच. तिसऱ्यावर पुन्हा. तिला वाटलं, आपलाच हात वाकडा चालतोय, दोन वर्षांत सवय मोडली. बाबांनाही तेच वाटलं. “घट्ट धर,” ते म्हणाले, “मन लावून चालव.” मला ओरडून सांगायचं होतं, अगं, तुझं चुकत नाहीये, तो दुसरा दाब नको! पण मला तोंड नाही. मला आहे तो फक्त हॉर्न, आणि तोही दुसऱ्यांच्या हातात.

माथा ओलांडला आणि उतार सुरू झाला. आता मला मागून कुणीतरी ढकलत असल्यासारखं होत होतं. दोन माणसं, भरलेल्या पेट्या, सगळं वजन पुढे येत होतं. धाकटीच्या हातमोज्यांतला घाम मला मुठींवर जाणवत होता. डावीकडे दरीचा कठडा. समोर उजवं वळण, आणि वळणापलीकडचं काही दिसत नव्हतं.

उजव्या खांद्यावर टिचकी. तिने दाबलं, मी झुकले, छान वळू लागले. तेवढ्यात दुसरी टिचकी, आणि तिच्या हाताने पुन्हा दाबलं.

मी आत पडले. रस्त्याच्या मधली पांढरी पट्टी माझ्या पुढच्या चाकाखालून गेली आणि मी समोरून येणाऱ्यांच्या बाजूला शिरले. त्याच क्षणी वळणातून ट्रक वर आला. त्याचा हॉर्न घाटभर घुमला. माझा मागचा टायर आपल्या कोऱ्या कडेवर होता, तो सुटला आणि वीतभर बाहेर सरकला.  धाकटीने ब्रेकला हात लावला नाही. लावला असता तर आम्ही तिघंही ट्रकखाली गेलो असतो. तिने उजवी मूठ सैल सोडली आणि डावी दाबली. एकदाच. मी उभी राहिले, पट्टीच्या अलीकडे आले, आणि ट्रकची मागची चाकं माझ्या आरशाला वारा घालत निघून गेली.

पुढे कठड्याशी रस्ता जरा रुंद होता, तिथे ती थांबली.  मग बाबा खाली उतरले. चेहरा पांढराफटक, पण आवाज चढलेला.

“काय चाललंय तुझं? मारायचंय का दोघांना? उतर. राहिलेला घाट मी उतरवतो.”

धाकटी उतरली. बाबांनी सांगितलं की ऐकायचं, एवढंच तिला ठाऊक. तिने हँडल त्यांच्या हाती दिलं.

मित्रांनो, ट्रकसमोर वाटली नाही एवढी भीती मला तेव्हा वाटली. बाबा माझ्यावर बसले, त्यांनी मला सरळ केलं आणि पायाने स्टँड मागे ढकललं. माझं सगळं वजन त्यांच्या डाव्या पायावर आलं. गुडघा वाकला. मी कठड्याकडे कलू लागले, त्यांना मला धरवेना, आणि कठड्यापलीकडे नुसती दरी. धाकटीने धावत येऊन माझ्या सीटमागची धरायची कडी दोन्ही हातांनी पकडली आणि मला खेचून धरलं. पाय रोवून, दात आवळून, तिने मला पुन्हा स्टँडवर उभं केलं. मग हात पुढे घालून चावी काढून घेतली.

“नाही, बाबा.”

अठरा वर्षांत हा शब्द मी तिच्या तोंडून ऐकला नव्हता. बाबांनीही नसावा. 

“मी बाप आहे तुझा. चावी दे.”

“बाप आहात म्हणूनच देत नाही.”  “इकडे या. हे बघा.” तिने मागच्या टायरची कड दाखवली. गुळगुळीत काळ्या कडेवर सरकल्याची खरखरीत खूण उमटली होती, तिच्या दोन्ही बाजूंना खडू. “पहिल्या दाबालाच ती वळली होती, बाबा. नीट वळली होती. दुसरा दाब तुमचा होता.”

 बाबा कष्टाने खाली बसले, गुडघा लांब करून, आणि त्या खुणेवर बोट ठेवलं. ज्या माणसाला नुसत्या आवाजावरून खांबाचं दुखणं कळायचं, त्याने माझं मात्र काही ऐकून घेतलं नव्हतं. मला राग आला होता, खरंच सांगते. पण त्यांचं ते बोट खुणेवरून पुन्हा पुन्हा फिरताना पाहिलं आणि माझा राग कुठल्या कुठे गेला.

त्यांनी वर न बघता विचारलं, “मग किती दाबायचं?”

त्यांनी लेकीला विचारलं. मी अठरा वर्षांत प्रथम ऐकत होते.

“एकदाच. हळू. पुढचं ती करते.”

आम्ही पुन्हा निघालो. अजून सात वळणं बाकी होती. बाबांनी मागची कडी दोन्ही हातांनी धरली होती. पहिल्या वळणावर त्यांचा हात सवयीने सुटला, हवेत आला, आणि परत कडीवर गेला. धाकटीने अगदी कमी वेगात, मला थोडंसंच झुकवत, एकेक वळण घेतलं. खडू बोटाबोटाने पुसला जात होता. दुसरं वळण, तिसरं. पाचव्यावर रस्त्यात बारीक खडी होती, तिथे तिघांचाही जीव मुठीत. सातवं संपलं आणि समोर सपाट रस्ता दिसला तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

खाली एका झाडाशी ती थांबली. बाबा उतरले आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसले.  धाकटी पाण्याची बाटली घेऊन गेली, तर त्यांनी बाटलीऐवजी तिचा हातच धरला.

“मी तुला ट्रकखाली घातलं असतं गं,” ते म्हणाले आणि ढसाढसा रडले.

“घातलं नाही ना,” ती म्हणाली. तीही रडत होती. “पाणी प्या. आत्या वाट बघतेय.”

मित्रांनो, आता माझं मागणं ऐका. आमचे टायर झिजले तर वेळेवर बदला, आणि जोडीने बदला. हवा बघा. पण तेवढ्यावर सुटलो असं समजू नका. टायर बदलले की गाडीची चालही बदलते, आणि मग तिची नव्याने ओळख करून घ्यावी लागते. पहिले दीडशे किलोमीटर हळू जा, थोडं थोडं झुकवून बघा, आणि हाताला काही वेगळं जाणवलं तर ते खरं माना, मागे बसलेलं माणूस कितीही मोठं असो. आम्हाला बोलता येत नाही. आम्ही काय सांगतोय ते चालवणाऱ्याच्या तळहातालाच कळतं, आणि त्या दिवशी घाटात ते फक्त धाकटीला कळलं होतं.