खळ दिलेले पंख

वरचा पंख.

ईश्वरदासनं टिचकी मारली की तो ढोलकीसारखा वाजायचा. शंभर वर्षांपूर्वी इंग्रजांच्या आरमारात असली विमानं होती: एकावर एक दोन पंख, अंगावर कापड, चाकांच्या जागी होडीसारखे दोन फ्लोट. त्याच्या नातीनं, प्रणालीनं, हुडकेश्वरच्या घराच्या गच्चीवर तसंच एक बनवलं, मिठीत मावेल एवढं, रिमोटवर उडणारं. कापड ताणून धरायला तिनं डोपचा डबा आणला होता. डोप म्हणजे कापड ताठ करणारं एक प्रकारचं रोगणच.

"लय वास येते त्याचा," ईश्वरदास म्हणाला. "आपली खळ काय वाईट आहे वं?"

जन्मभर मागावरच्या सुताला त्यानं तांदळाची खळ दिली होती. पंखांनाही तीच दिली. प्रणालीनंही टिचकी मारून पाहिली. पटलं तिला.

खालचा पंख.

आज कुहीच्या तलावावरून विमान उडालं, तरच छोट्या विमानांच्या क्लबच्या प्रदर्शनात तिला जागा. क्लबचा सचिव जितेंद्र काठावर उभा होता. विमान धावलं, फ्लोटनी पाणी उडवलं, नाक वर झालं, आणि

नाही.

खळ भिजली. कापड ओल्या पापडासारखं लोंबलं. विमान गरगरत काठाला लागलं.

"काकाजी, विमानाले लुगडं नेसवलं का?" जितेंद्र हसला. "पुढच्या वर्षी या."

ईश्वरदासचे कान तापले. "खळ माही होती, पोरीची नाही. ऊन आहे अजून. थांबा."

"सावल्या लांबल्या का मी निघतो, सांगून ठेवतो."

पुन्हा दोन्ही पंख.

त्यानं टाके उसवले. बोटांना बुळबुळ लागेनाशी होईपर्यंत कापड तलावात धुतलं. मे महिन्याच्या उन्हात ते बघता बघता वाळलं. ताणून पुन्हा शिवलं.

"आबा, दुपार चालली नं."

"तू डबा उघड."

वासानं डोळ्यांत पाणी आलं, तरी त्यानं डोपचे दोन हात दिले.

"माह्या गाडीवर काहून ठेवून राहिले पंख?" जितेंद्र ओरडला.

"तापली आहे म्हणून."

टिचकी. आवाज कोरडा, पत्र्यासारखा. ईश्वरदासला मुळीच आवडला नाही. "लाव," तो म्हणाला.

पाणी.

विमान धावलं. खालच्या पंखावर पाण्याचा सपकारा बसला आणि तसाच ओघळून गेला. ईश्वरदास तेवढा पंखच बघत होता, म्हणून फ्लोट पाण्यातून सुटल्याचं त्याला प्रणालीच्या आनंदाच्या आरोळीनं कळलं.

बाभळींच्या सावल्या गाडीपर्यंत आल्या होत्या.

"झालं, भेटली जागा," जितेंद्र म्हणाला. "उतरव आता."

"थांबा ना गा," ईश्वरदास म्हणाला. "अजून एक चक्कर मारू द्या तिले."