सहा इलेक्ट्रॉन गेल्यावर

"चार एस आधी भरं, मागून तीन डी गं;
निघायाच्या येळंला चार एसची घाई गं."

चाकणच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या कौशल्याबाई मॅडमचा हा आवाज. जात्यावर बसल्यासारख्या त्या फळ्यापुढे डुलत म्हणायच्या. मॅडम कधीच्या निवृत्त झाल्या, पण तो सूर पुनमच्या कानातून गेला नाही. दिघीतल्या आपल्या दोन खोल्यांत बारावीची शिकवणी घेताना तोच तिच्या ओठांवर यायचा.

त्या दुपारी आरोही एकटीच आली होती. लोखंडाचा आयन करताना तिनं नेहमीसारखे तीन डीमधले दोन इलेक्ट्रॉन खोडले.

"परत तेच! अगं, आधी कोण जातं?"

"जो शेवटी चढला तो, ताई. पीएमपीच्या बसमध्ये दाराशी उभा असतो तोच आधी उतरतो की."

"मग दाराशी कोण उभं आहे ते तरी बघ. सगळ्यात बाहेरचं चार एस."

आरोहीनं जीभ चावली.

आत स्वयंपाकघरात तिचा नवरा धनेश जेवत होता. भोसरीच्या एका कारखान्यात तो लोखंडाला क्रोमचा मुलामा द्यायच्या टाकीवर कामाला, आज दुसरी शिफ्ट. टाकीत तांबडंलाल पाणी, आणि त्याची वाफ दिवसभर तोंडावर. हल्ली त्याचा घोळणा सारखा फुटायचा. "ऊन बाधतंय," म्हणायचा, आणि पुनम मुकाट्यानं त्याच्या नाकात तूप सोडायची. घरात पाऊल टाकताच मात्र तो म्हणणार, "काय घमघमाट सुटलाय!" एकदा तर शेगडी पेटलीही नव्हती, तरी म्हणाला. ती हसली होती. हसण्यावारी नेणंच सोपं होतं. घर सगळं त्या टाकीवर उभं होतं.

"आता क्रोमियम घे. सहा काढ."

आरोहीनं चार एसमधला एक काढला, तीन डीचे पाचही काढले. "संपलं की, ताई! नुसता आर्गॉन उरला. म्हणजे आता हा गप्प बसणार."

"गप्प कसला? सहा गमावलेत त्यानं. हाताला लागेल त्याच्याकडून ओरबाडून घेतो."

"कुणाकडून पण?"

"कुणाकडूनही. लाकूड, कापड, कातडी..."

पुनमची जीभ अडखळली. हे ती दर वर्षी शिकवत आली होती, अगदी याच शब्दांत; धनेशच्या टाकीतही हाच सहा गमावलेला क्रोमियम होता.

तेवढ्यात तिला गॅसचा वास आला.

ती आत धावली. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती, बटण तसंच उघडं. कोपऱ्यातल्या झोळीत तान्ही लेक निजलेली. आणि धनेशनं दुधाचं पातेलं उतरवून चहाचं आधण ठेवलं होतं, हातात लायटर.

"अहो, थांबा!" तिनं लायटर हिसकावला, बटण फिरवलं, खिडकी ढकलली, लेक उचलून आरोहीच्या हातात दिली. "हिला घेऊन बाहेर जा. दिव्याला हात लावू नकोस."

"घ्या! आता चहाबी बंद झाला का आमचा?" धनेश हसला.

"खोली भरलीय गॅसनं. तुम्हाला वास नाही आला?"

"सर्दी झालीय जरा."

"नाही झालेली."

त्यानं शर्टाची बटणं लावली, डबा उचलला. पुनम दारात आडवी उभी राहिली.

"टाकीवर जाऊ नका."

"मग कुठं जाऊ, सांग. मी नाही गेलो तर उद्या माझ्या जागी दुसरा कुणी नाक घेऊन उभा राहतोय."

तरी ती हलली नाही. धनेश हळूच उंबऱ्यावर टेकला, डबा मांडीवर.

"पोर व्हायच्या आधीपासून मला कशाचाच वास येत नाही, पुनम. डॉक्टरनं नाकात बॅटरी मारली, तर उजेड या नाकपुडीतून त्या नाकपुडीत गेला. मधला पडदाच खाल्ला गेलाय, म्हणाला. तुला सांगितलं तर तू जाऊ द्यायची नाहीस, अन् न जाऊन भागायचं नाही. म्हणून गिळलं. ते बी सोसलं असतं गं. पण तू पहिल्यांदा तिला माझ्या मांडीवर दिलीस ना, तवा मी टाळूला नाक लावलं. रोज लावतोय. माझ्या लेकीचा वास कसा असतो, ते मला माहीतच नाही."