प्रेमलाच्या हातातला कागद

प्रेमलाला पुरून पाच दिवस झाले तेव्हा मला कळलं, की तिच्या शवपेटीत मी माझं व्रत ठेवलं आहे.

हे जरा समजावून सांगायला हवं. आमच्या धर्मसंस्थेत आजीवन व्रतं घेताना प्रत्येक सिस्टर आपलं व्रत स्वतःच्या हाताने कागदावर लिहिते आणि वेदीवर सही करते. तो कागद मग कपाटात जातो. सिस्टर वारली, की तो तिच्या हातात देतात आणि पेटी बंद करतात. येरवड्याच्या आमच्या कॉन्व्हेंटमध्ये त्या कपाटाची किल्ली माझ्याकडे. मी सिस्टर वासंती, वय एकसष्ट, शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं काढलेली. माझ्या हातून कधी कागद इकडचा तिकडे झाला नाही, हे मी आजवर सगळ्यांना ऐकवत आले.

प्रेमलाने आणि मी एकाच दिवशी व्रतं घेतली, एक्क्याण्णव साली. दोघींचे कागद एकाच पाकिटात होते, चार घड्या घातलेले. त्या सकाळी मी एक उचलला, न उघडता पांढऱ्या फितीने बांधला आणि तिच्या बोटांत अडकवला. चष्मा डोक्यावर होता. मी रडले नाही. पाव आले का ते विचारलं, फादरांच्या गाडीला जागा करून दिली, दफनभूमीत म्हाताऱ्या सिस्टरांसाठी खुर्च्या मांडून घेतल्या. सगळ्या म्हणाल्या, वासंती किती खंबीर! खंबीर कसली? दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गालाचं होतं तसं माझं सगळं झालं होतं.

प्रार्थनेच्या बाबतीत तर हे चार वर्षांपासून चाललं होतं. पाचची घंटा, चॅपल, स्तोत्रं, मिस्साविधी, चहा. तोंड म्हणायचं, आत कोणी नसायचं. हे फक्त प्रेमलाला माहीत होतं. ती दर मंगळवारी जेलमधल्या बायकांना शिवण शिकवायला जायची आणि येताना रिक्षावाल्याशी भांडून यायची. देवाबद्दल तिला कधी शंका आली नाही, मीटरबद्दल मात्र दर वेळी यायची. मी तिला सांगितलं तेव्हा म्हणाली, "अगं, मग नुसती बसत जा. हजेरी तर लागते ना?"

तर पाचव्या दिवशी नोंद पुरी करायला मी पाकीट उघडलं आणि आत प्रेमलाचं तिरपं अक्षर निघालं. मी दोनदा वाचलं. मग खुर्चीत बसले. आणि खरं सांगते, आधी लाज वाटली नाही, सुटल्यासारखं वाटलं. माझा कागद गेला मातीत. माझी भाची सुरुची धायरीला राहते. "मावशी, एक खोली रिकामीच आहे," असं ती वर्षभर फोनवर म्हणते आहे. त्या खोलीत पाचची घंटा नसेल, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

आमच्या सुपीरिअर, म्हणजे कॉन्व्हेंटच्या प्रमुख, सिस्टर कार्मेलिन वसईच्या, माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी लहान. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"कबर काही उघडता येणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि रजिस्टरमध्ये नोंद आहे, तेव्हा तुम्ही सुटलात असं समजू नका. नक्कल लिहून द्या. तारीख जुनीच घाला."

सुटल्याचं त्यांना कसं कळलं, देव जाणे. मी कोरा कागद घेऊन आले. दुपारी ताटातला भात चिवडत बसले होते, तर आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या कांताबाई म्हणाल्या, "सिस्टर, दोन घास जेवा की. गेलेल्यामागं कुणी उपाशी ऱ्हातं व्हय?" मी जेवले. चव लागली नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर लिहायला बसले. मजकूर पाठ होता. मी, सिस्टर वासंती, सर्वसमर्थ परमेश्वरासमोर, मरेपर्यंत दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन यांचे व्रत आनंदाने घेते. सत्ताविसाव्या वर्षी हे मी एका दमात लिहिलं होतं. आता 'यांचे व्रत'पर्यंत आले आणि पेन थांबलं. बराच वेळ थांबलं. मग मी 'घेते' लिहिलं आणि कागद घेऊन सिस्टर कार्मेलिनकडे गेले.

त्यांनी वाचला. "एक शब्द राहिलाय."

"राहिला नाही, गाळलाय."

त्यांनी वर पाहिलं.

"चार वर्षं झाली, सिस्टर. मला काही वाटत नाही. प्रार्थनेत नाही, आणि प्रेमला गेली तेव्हाही नाही. ही ओळ लिहायची तर खोटी तरी लिहू नये म्हटलं."

"जायचंय तुम्हाला?"

"भाचीकडे खोली आहे."

"खोलीचं नाही विचारलं."

बाहेर व्हरांड्यात शिपाई फरशी पुसत होता.

"नाही," मी म्हणाले. "जायचं नाही. का, ते विचारू नका, मला सांगता येणार नाही. आनंदाने नाही, पण राहायचं आहे."

सिस्टर कार्मेलिननी कागद माझ्यासमोर परत सरकवला. "मग ही नक्कल नाही. तारीख आजची घाला."

मी आजची तारीख घातली. खाली सही केली.

"व्रत आजचं म्हणजे साक्षीदाराची सहीही आजची हवी," त्या म्हणाल्या. "कोणाला बोलावू?"

"प्रेमलाला," मी म्हणाले.

आणि दाराकडे पाहिलं. खरोखरच पाहिलं, आता येईल म्हणून. मग मी टेबलावर डोकं ठेवलं आणि रडले, मोठमोठ्याने, सहाव्या दिवशी. शिपायाने ऐकलं असेल. ऐकू दे.