हात पोचेल तिथे

"अहो, उतरा खाली! गुडघे हनुवटीला लागलेत तुमचे," बायको शोरूमभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.

टायवाला विक्रेता हसू दाबून माहितीपत्रक चाळायला लागला. स्टोअरकीपर मात्र त्या छोट्याशा ट्रॅक्टरवर तसेच बसून राहिले. सहा फुटांचा माणूस. नातवाच्या तीनचाकी सायकलवर आजोबांनी बसावं तसं ते ध्यान दिसत होतं.

"मला बरा वाटतोय," ते म्हणाले.

"काय बरा वाटतोय? वळताना स्टिअरिंग मांडीला घासतंय. तो पलीकडचा घ्या. कसा ऐसपैस आहे!"

"काकू बरोबर बोलतायत," विक्रेत्याने संधी साधली. "तुमच्या उंचीला तोच शोभेल, काका."

"शोभायला काय, वरातीत मिरवायचाय?" असं म्हणून ते खाली उतरले, आणि तेवढ्यानेही त्यांना धाप लागली. धाप लपवायला ते चाकापाशी वाकून टायर बघू लागले.

स्टोअरकीपर ही त्यांची कारखान्यातली ओळख, निवृत्तीनंतरही चिकटून राहिलेली. चौतीस वर्षं ते हत्यारांच्या खोलीत एका खिडकीमागे बसले. कामगाराने आपला पितळी बिल्ला द्यायचा, यांनी तो खिळ्याला लावायचा आणि हत्यार काढून द्यायचं. बिल्ला नाही तर हत्यार नाही, मग समोर मॅनेजर का असेना. पण त्यांचा स्वतःचा आणखी एक नियम होता. हत्यार देण्याआधी ते समोरच्याचा हात बघायचे. लहान चणीच्या माणसाला जड पाना मिळायचा नाही. हत्यार कामाच्या मापाचं असून भागत नाही, हाताच्या मापाचं लागतं, हे त्यांचं पालुपद. कामगार म्हणायचे, हे हत्यार देत नाहीत, मुलगी देतात.

त्या खोलीच्या भिंतीला लागूनच लोखंडी भाग घासायच्या ग्राइंडिंगचा विभाग होता. तिथली बारीक धूळ चौतीस वर्षं खिडकीतून आत येत राहिली. तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी छातीची फिल्म उजेडात धरली आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, की हे वर्ष निघेल, पुढच्याचा भरवसा धरू नका. बायको त्या वेळी औषधांच्या रांगेत उभी होती. बाहेर येऊन ते तिला म्हणाले, "जुनाच खोकला आहे. वाफ घ्यायला सांगितलीय." लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण त्यांची थाप तिच्यापुढे कधी पचली नव्हती. ही पचली.

निवृत्त झाल्यावर दोघांनी मिळून दोन एकरांचा एक उताराचा तुकडा घेतला होता. खाली घर, मागे चढावर लिंबाच्या अकरा ओळी. गवत असं माजायचं की चार दिवस दुर्लक्ष केलं तर झाडं शोधावी लागत. वरच्या ओळींना पाण्याची टाकी ओढून न्यावी लागे. लेक दूर तिच्या संसारात. "दोघं इकडेच या ना राहायला," असं ती मागे फोनवर म्हणाली, तर आईने तिला तिथेच झटकलं होतं. "मी इथून जाणार ती चौघांच्या खांद्यावरून. तोवर नाव काढू नकोस."

तेव्हा ते हसले होते. आता त्यांना तेच वाक्य झोपू देत नव्हतं. ही एकटी इथे राहणार. खुरपं घेऊन दोन एकरांशी भांडणार आणि हरणार. मग जमीन जाणार, आणि तिला मन मारून लेकीच्या घरी एका कोपऱ्यात बसावं लागणार. तेव्हा ट्रॅक्टर हवा होता, तो तिच्या मापाचा. आणि तो तिला काहीही कळू न देता घ्यायचा होता.

मापं त्यांनी आधीच घेतली होती. एका दुपारी ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून भाजी निवडता निवडता भिंतीला टेकून झोपली. त्यांनी सुतळी घेतली. कमरेपासून टाचेपर्यंत एक गाठ, खांद्यापासून मुठीपर्यंत दुसरी. इतक्या वर्षांत तिला नीट मापाची चप्पल आणता आली नव्हती, पण ही मापं त्यांनी सुताइतकीही चुकवली नाहीत.

आता त्यांनी ती सुतळी खिशातून काढली. एक टोक सीटवर धरलं, दुसरं क्लचकडे नेलं. लहान ट्रॅक्टरवर गाठ बरोबर क्लचवर पडली. मोठ्यावर ती चार बोटं अलीकडेच राहिली.

"हे काय चाललंय?"

"आपल्या गेटचं माप आहे. बसतंय का बघतोय."

"गेट काय सीटवर बसणार आहे?"

विक्रेता आता उघड हसला. स्टोअरकीपरनी तिकडे लक्ष दिलं नाही. गवत कापायचं यंत्र मागे जोडलेलं होतं, त्याची पिन त्यांनी उपसून तिच्या हातात दिली. "जरा घाल बघू ही."

"मी? मला काय करायचंय?"

"घाल तर खरी."

तिने पिन भोकात ठेवली आणि तळहाताने दाबली. एका झटक्यात आत गेली. "एवढंच होय? हे तर कुणीही करेल!"

ते पाठ करून उभे राहिले. डोळे पुसायला खोकल्याचं निमित्त बरं पडलं.

"आता चढ. फोटो काढतो."

फोटो म्हटल्यावर ती नाही म्हणणारी नव्हती. केस सारखे करून ती ऐटीत बसली. "क्लच दाब," ते म्हणाले. "पूर्ण दाब. हां, आता हास." पाय तळापर्यंत गेला, पाठ टेकलेलीच राहिली. त्यांनी विक्रेत्याला तिथल्या तिथे सांगितलं, की हाच पाठवा.

परतताना बसमध्ये ती फुरंगटून बसली होती. थोड्या वेळाने तिने फोन मागून घेतला. "अहो, यात मी आहे कुठे? नुसता पाय आलाय!"

"हात हलला गं."

चार दिवसांनी दुपारी ट्रॅक्टर आला. ती वरच्या ओळीत होती तेवढ्यात त्यांनी मागच्या दारापाशी खिळा ठोकून किल्ली अडकवली आणि धाप शमेपर्यंत दाराला टेकून राहिले. ती आली, हात पुसले आणि सहज किल्ली काढून बघितली. मग परत लावता लावता थांबली.

त्या घरातली प्रत्येक फळी, प्रत्येक खुंटी त्यांनी स्वतः लावलेली होती, आणि सगळी स्वतःच्या उंचीला. ती जेमतेम पावणेपाच फूट. त्यामुळे प्रत्येक डब्यासाठी स्टूल, आणि स्टुलागणिक त्यांच्या नावाने बोटं मोडणं. हा खिळा मात्र तिच्या हनुवटीपाशी होता. ती खिळ्याकडे बघत राहिली, मग वरच्या फळ्यांकडे, मग त्यांच्याकडे.

"डॉक्टर काय म्हणाले?"

वाफेचं पुन्हा सांगावं असं त्यांच्या मनात येऊन गेलं. "हे वर्ष," ते म्हणाले.

तिला रडू फुटलं ते रागाने. "जन्मभर मला स्टुलावर चढवलंत. आणि आता सगळं हाताशी आणून ठेवताय होय? मी मागितलं होतं?"

तिने नाक पुसलं, हातोडी उचलली, स्टूल ओढलं. दाराच्या वर, ते उभे राहिले तर त्यांच्या हाताला लागेल अशा उंचीवर दुसरा खिळा ठोकला. दोन घाव खिळ्यावर, एक भिंतीवर. किल्ली तिथे अडकवून ती खाली उतरली.

"तुम्ही आहात तोवर ती इथे राहील," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

सकाळी ते किल्ली घ्यायला दारापाशी आले. हात खांद्यापर्यंत उचलला आणि दम संपला. जरा थांबून पुन्हा उचलला. तेवढाच गेला. आत भांड्यांचा आवाज थांबला, मग एकदम मोठ्याने सुरू झाला. ती बघत होती आणि येणार नव्हती. त्यांनी पायाने स्टूल ओढून घेतलं, आणि चढण्याआधी त्यावर जरा बसले.